समिधाने काढलेलं आमचं घर

८ सप्टेंबर, सोमवार

ओसाकाला मीच जाणार. आज ठरवून टाकलं.

मराठीत लिहिते आहे, कारण घरात हे कुणाला वाचता येणार नाही. अम्मी-अब्बा उर्दू शाळेतले. धाकटी बहीण सुमैय्या इथेच शारजात वाढली, तिला मराठीत काही विचारा, उत्तर इंग्रजीत येतं. मी एकटीच दहावीपर्यंत दापोलीला आजोळी राहून मराठी शाळेत शिकले, म्हणून हे सुख.

ओकाबे सेन्सेई, म्हणजे जपानहून या सेमिस्टरपुरते आलेले आमचे सर, त्यांनी आज आर्किटेक्चरच्या स्टुडिओचा विषय सांगितला: छोट्या जागेत जपानी माणसं कशी राहतात, ते शिकायचं आणि त्या रीतीने इथल्या एका खऱ्या कुटुंबासाठी घर काढायचं. ज्याचं घर सगळ्यात चांगलं, तो जानेवारीत ओसाकाला जाणार आणि तिथल्या गल्लीबोळातली जुनी घरं अभ्यासणार. जागा एकच.

अट मात्र विचित्र आहे. स्वतःच्या कुटुंबासाठी घर काढायचं नाही, जोडीदाराच्या कुटुंबासाठी काढायचं. सेन्सेई म्हणाले, आपलं घर रोजचं असतं म्हणून आपल्याला दिसत नाही. जोडीदाराने घरमालक व्हायचं आणि आठवड्याला नकाशा बघून चुका सांगायच्या. घरच्यांना ज्यूरीच्या दिवसापर्यंत, म्हणजे परीक्षक घरं बघायला येतील तोपर्यंत, काही दाखवायचं नाही.

आणि माझी जोडी कुणाबरोबर? समिधाबरोबर! वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून सगळ्यांनी गृहीतच धरलं. तिकडे दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहते, स्वतःची खोली आहे, वडील सदानंदकाका रोज गाडीने सोडतात. आता ती येऊन आमच्या एका बेडरूमच्या घरात टेप लावणार. सोफ्यामागच्या गाद्यासुद्धा मोजणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

१३ सप्टेंबर, शनिवार

आली. आल्या आल्या जमिनीवर अम्मीशेजारी बसली आणि "मावशी, द्या इकडे," म्हणून कोळंबी सोलायला घेतली. तिच्या घरात बांगडासुद्धा शिजत नाही! अम्मी खूश. "पोरगी गुणाची आहे गो," असं मला ऐकवून दोनदा म्हणाली. मी चार वर्षांत किती कोळंबी सोलली, माझे गुण कुणी मोजले नाहीत.

मग दुपारभर हिचे प्रश्न. गाद्या कधी काढता, कुठे ठेवता, शिकायला येणाऱ्या मुली कुठे बसतात (अम्मीकडे बिल्डिंगमधल्या मुली कुराण शिकायला येतात), पाहुणे आले की सुमैय्या कुठे अभ्यास करते. अम्मी सगळं सांगत होती, वर करूनही दाखवत होती. मी किचनमध्ये उभी राहून चहा जाळला.

जाताना समिधा म्हणाली, "नबिला, तुमचा हॉल दिवसातून किती वेळा बदलतो! हेच तर सेन्सेई शिकवतायत." मला टोमणाच वाटला. एकाच खोलीत झोपायचं, जेवायचं, नमाज पढायचा, याला ती जपानी म्हणते. आम्ही याला भाडं परवडत नाही असं म्हणतो.

२० सप्टेंबर, शनिवार

मी तिच्या घरी गेले. काकूंनी पोहे केले होते. समिधाची ठकुबाई आजी व्हिजिट व्हिसावर आली आहे, तिने मला जवळ बसवून विचारलं, "बाळ, तुमच्यात लग्न लवकर करतात ना?" समिधा हसली. मीही हसले, पण आतून चिडले.

घर मापून घेतलं. तीन बेडरूम, त्यातली एक नुसती इस्त्रीची! त्यांच्यासाठी लहान घर काढायचं म्हणजे श्रीमंताला उपास शिकवण्यातला प्रकार. पण मी काढणार आणि असं काढणार की बघत राहतील.

३० सप्टेंबर, मंगळवार

माझा पहिला नकाशा समिधाने बघितला आणि एका बैठकीत चार चुका काढल्या. देवघराची भिंत बाथरूमला लागून आली आहे, आजी तिथे पाऊल टाकणार नाही. जपानी घरात दाराशी फरशी खोलगट ठेवतात, चपला तिथे सोडायच्या आणि मग पायरी चढून आत यायचं. ती पायरी मी आजीच्या गुडघ्यांसाठी फार उंच केली आहे. काकू जेवण वाढताना सगळ्यांकडे पाठ होते. आणि आजीच्या गादीची उशी उत्तरेला.

"उत्तरेला डोकं करून आमच्यात झोपत नाहीत गं," ती म्हणाली. "आणि ऐक ना गंमत, जपानातही नाही झोपत! प्रेताचं डोकं उत्तरेला करतात म्हणे. मी सेन्सेईंना विचारलं. म्हणजे आमची आजी आणि ओसाकाची आजी एकाच शाळेतली."

सेन्सेईंना विचारलं! कधी विचारलं? माझ्या मागे जाऊन त्यांच्याशी गप्पा मारते. आणि एवढ्या चुका काढायची काय गरज होती? नाकाने कांदे सोलायची सवयच आहे तिला.

चारही सुधारल्या मात्र. न सुधारून सांगते कुणाला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज तिने आमचं घर दाखवलं.

लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही डोक्यात येतच नाही. एकच मोठी खोली, दारापासून अर्धा फूट उचललेली लाकडी जमीन. एका भिंतीला लांब कपाट, गाद्या तिकडे. सरकत्या पडद्याने एक कोपरा वेगळा होतो, तो सुमैय्याचा. इथपर्यंत ठीक आहे, पुस्तकात बघून कुणीही काढील.

पण खिडकी! खिडकी तिने खाली आणली आहे, जमिनीपासून वीतभरावर. म्हणाली, "मावशी सगळी कामं खाली बसून करतात. तांदूळ निवडणं, म्हावरं साफ करणं, शिकवणं. आणि तुमची खिडकी एवढी उंच आहे की खाली बसलं की नुसतं आभाळ दिसतं. इतक्या वर्षांत त्यांना घरबसल्या समोरची खाडी दिसलीच नसेल. जपानी घरांत बसणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर खिडकी असते."

मी त्या घरात राहते. अम्मी माझी आहे. मला हे दिसलं नाही. बरं, असं काय मोठं आहे त्यात? खाडी बघायची तर अम्मी उभी राहू शकते. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले.

परत आले तेव्हा ती गाद्या दाखवत होती. "हे एक मी स्वतःहून सुधारलंय," म्हणाली. "मावशी आणि तुम्ही सगळे उत्तरेला डोकं करून झोपता, सोफ्यामुळे असेल. मला बघवेना. म्हणून मी सगळ्यांची डोकी पूर्वेला केली. पूर्व चांगली ना. पाय पश्चिमेला. चालेल ना गं?"

सोफ्यामुळे! आम्ही उत्तरेला डोकं करतो ते उजव्या कुशीवर वळलं की तोंड किबल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला, होतं म्हणून. शारजातून काबा पश्चिमेला. तिच्या घरात आमच्या सगळ्यांचे पाय काब्याकडे! अम्मी हे घर बघून आत पाऊल टाकणार नाही.

ती माझ्याकडे बघत होती. "बघ हं नीट, काही चुकत असेल तर सांग."

मी म्हटलं, "छान आहे."

८ ऑक्टोबर, बुधवार

खोटं कुठे बोलले मी? छानच आहे. आणि परीक्षा तिची आहे, माझी नाही. ज्याच्यासाठी घर काढायचं त्याला विचारायला नको? विचारलं तिने, हो, पण मला विचारलं. अम्मीला विचारायचं होतं. दाखवायचं नाही म्हणून काय झालं, नुसतं विचारता येत होतं. पुढच्या आठवड्यात सांगीन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नाही सांगितलं. तिने मॉडेल सुरू केलं आहे. पुन्हा विचारलं, "आता लाकूड कापणार, शेवटचं बघून घे." मी सांगणारच होते, तेवढ्यात सेन्सेई आले आणि त्या खिडकीसमोर वाकून बसले. एवढा मोठा माणूस गुडघ्यावर! कुणाला तरी हाक मारून दाखवलं. माझ्या टेबलाजवळ आले तेव्हा "Very careful work" म्हणाले आणि पुढे गेले. केअरफुल! बँकेतल्या कारकुनाला म्हणावं तसं.

मग मी मूग गिळून बसले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. काकूंनी अम्मीसाठी चकल्या, करंज्या, अनारसे असा मोठा डबा भरून पाठवला. समिधाच घेऊन आली. अब्बा दुबईतल्या देराच्या ऑफिसातून लवकर आले होते, ते तिच्याशी जपानच्या बोटींबद्दल तासभर बोलले. माझ्याशी अब्बा "पैसे आहेत ना? यल्ला, उशीर होतोय" एवढंच बोलतात.

अम्मीने तिला उठू दिलं नाही, भाकऱ्या केल्या, भाजी केली. डब्यात उलट सांदणं भरून दिली. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणे. ती गेल्यावर अम्मी म्हणाली, "कसं घर काढलंय तिने आपलं? तू बघितलंस ना?"

"तुला दाखवायचं नाही, नियम आहे."

"दाखवू नको. चांगलं आहे का तेवढं सांग."

मी म्हटलं, "ज्यूरीला बघशील." आणि झोप येते म्हणून आत गेले.

५ नोव्हेंबर, बुधवार

ज्यूरी झाली. सगळं नीट लिहिते.

आधी माझं घर. आजी, काका, काकू तिघंही आले होते. आजीने देवघर बघितलं, पायरीवर बोट ठेवून उंची बघितली, गादी बघितली आणि म्हणाली, "पोरीने सगळं आमच्या मनासारखं केलंय." एकाही ज्यूरीला एकही चूक सापडली नाही. समिधा सगळ्यात जास्त टाळ्या वाजवत होती.

मग तिचं. अम्मी बुरख्याची बाही सावरत मॉडेलभोवती एक फेरी मारून आली. वाकली. त्या खालच्या खिडकीला डोळा लावला. पलीकडे समिधाने निळा कागद लावला होता. अम्मी ओरडलीच, "नबिला, बसल्या जागी खाडी दिसते गो!" सगळे हसले. सेन्सेईंना मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी अम्मीला कमरेत वाकून नमस्कार केला. मला वाटलं, संपलं, खलास, ओसाका गेलं.

आणि अम्मीचा हात गाद्यांवर गेला. दिशा लावत तिने खाडीची बाजू बघितली, मग दुसरी बाजू बघितली. हळूच समिधाला म्हणाली, "बाय, पाय किबल्याकडे आले गो."

समिधाला कळलंच नाही. सेन्सेईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला. वर्गात अर्धी मुलं मुसलमान, "ओह" असा आवाज झाला. एमान नावाची एक ज्यूरी बाई तर म्हणाली, ही साधी गोष्ट आहे, कुणीही सांगितली असती.

सेन्सेईंनी समिधाला विचारलं, "तुझ्या घरमालकाला तू हे विचारलं नव्हतंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी निळ्या कागदाकडे बघत होते.

ती म्हणाली, "नाही सर. विचारलं नव्हतं."

जागा मला मिळाली.

ती असं का म्हणाली? मोठेपणा मिरवायला, दुसरं काय! मला उपकाराखाली ठेवायचं. गोगलगाय आणि पोटात पाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अब्बांनी पूर्ण बिल्डिंगला मिठाई वाटली. मी ओसाकाची थंडी किती असते ते बघत बसले आहे.

अम्मीने मिठाई खाल्ली नाही. काल टॅक्सीत तिने एकच विचारलं, "तुला तिने नकाशा दाखवला नव्हता?" मी म्हटलं, दाखवला असेल, लक्षात नाही आता. ती म्हणाली, "लहानपणी तुझे पाय तिकडे गेले की तू झोपेतसुद्धा आपणहून फिरायचीस." मग आमचा मजाजचा भाग येईपर्यंत बाहेर बघत होती.

आता मिळालंच आहे, तर आनंद व्हायला हवा ना! होत का नाही? घरात बसले की त्या उंच खिडकीकडे लक्ष जातं आणि राग येतो. कुणाचा येतो तेही कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

समिधाने फोन केला, खाडीवर फिरायला येतेस का? टाळता आलं नाही. कठड्याशी कडक चहाचे कप घेऊन उभ्या राहिलो. वारा चांगला होता, लोक पोरंबाळं घेऊन आले होते. ती नेहमीसारखीच बोलत होती. ओसाकाला गेल्यावर अमुक गल्ली बघ, तिथे लोक घरासमोरच्या रस्त्यावर कुंड्या मांडतात, रस्ताच अंगण करतात, माझ्यासाठी फोटो पाठव.

मला राहवेना. म्हटलं, "त्या दिवशी तू खोटं का बोललीस? विचारलं होतंस तू मला. दोनदा."

ती लाजली. खरंच लाजली! म्हणाली, "अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून. मावशी समोर होत्या. मुलीला आपल्याच घरात किबला कुठे ते माहीत नाही, असं सगळ्यांसमोर त्यांना कळलं असतं तर? तू काही फार नमाज वगैरे पढत नाहीस, मला माहितेय. राहून जातं लक्षातून. आणि चूक माझीच होती गं, मी आपली पूर्व चांगली पूर्व चांगली करत बसले. मावशींना नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं."

म्हणजे तिला वाटलं, मला माहीत नव्हतं. एवढे दिवस मी धरून चालले होते की तिला संशय आला आहे, ती सूड उगवायची वाट बघते आहे, मोठेपणा करते आहे. आणि तिच्या डोक्यात एवढंच होतं की नबिला विसरली, तिच्या आईसमोर तिची लाज जाऊ नये. मी मुद्दाम गप्प बसले असेन हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

किती सोपं करून दिलं होतं तिने. "हो ना गं, लक्षातच आलं नाही," एवढं म्हणायचं की झालं. जीभ उचललीही होती.

पण जेवढा हेवा वाटला मला तिचा, तेवढा ओसाकाचासुद्धा कधी वाटला नव्हता. असं कुणावर डोळे मिटून विश्वास टाकता येणं, ते माझ्याकडे नाहीच. कुठे मिळतं ते?

म्हटलं, "समिधा, मला माहीत होतं."

"काय?"

"पाय तिकडे येतात ते. पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी सांगितलं नाही. तुझं घर चांगलं होतं म्हणून सांगितलं नाही."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ओरडेल. तिने चहा संपवला, कप कचऱ्याच्या डब्यात टाकला, परत आली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "बरं." आणि टॅक्सी थांबवून निघून गेली.

घरी आले. अम्मीला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

"तिच्या जागी मी असते तर कानफाटात दिली असती."

मलाही तेच हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सेन्सेईंना सांगितलं. वाटलं होतं काहीतरी मोठं बोलतील, शिक्षक बोलतात तसं. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसले. मग म्हणाले, जागा दुसऱ्या नंबरला जाईल, नावं गुरुवारपर्यंत बदलता येतात. आणि मी दाराशी गेल्यावर म्हणाले, पुढच्या सेमिस्टरला तुझा जोडीदार होणाऱ्याला तू हे आधीच सांग.

खरं बोललं की मन हलकं होतं असं म्हणतात. थापा आहेत. अजिबात हलकं झालं नाही. घरी आले आणि जेवणही गेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बोर्डावर नाव लागलं. समिधा जाणार. ती माझ्याशी बोलत नाही. बघते, मान हलवते, पुढे जाते. तिच्या टेबलाभोवती गर्दी होती, मी माझ्या टेबलावर बसून राहिले आणि इतकी जळफळले की पट्टी मोडली. माझ्याच हाताने दिलेली जागा, तरी जळफळ! माझं काय करावं कुणी.

अब्बांनी विचारलं, मिठाई वाटली त्या लोकांना काय सांगू? अम्मी आतून म्हणाली, "नबिला सांगेल. इन्शाल्ला, तिचं तीच सांगेल."

१६ नोव्हेंबर, रविवार

आज लिफ्टमध्ये मरियमबी भेटल्या, सहाव्या मजल्यावरच्या. त्यांची मुलगी अम्मीकडे कुराण शिकून गेली, तेव्हापासून त्यांना आमच्या घरची सगळी खबर हवी असते. लिफ्टचं दार लागायच्या आत सुरू झाल्या, "काय गो, कधी निघतेस जपानला? पेढे गोड होते हां तुझ्या अब्बाचे."

"मी नाही जात, मरियमबी. माझी मैत्रीण जाते."

"ती डब्बा घेऊन येणारी? अगो, तुझी जागा तिला दिली? असं कसं? तू भांडली नाहीस?"

काय सांगायचं ते घरून ठरवून निघाले होते: व्हिसाचं जमलं नाही, अब्बा नको म्हणाले, तब्येत. तिन्ही ओठावर तयार होती.

म्हटलं, "तिने आमच्यासाठी काढलेलं घर माझ्या घरापेक्षा चांगलं होतं."

मरियमबी माझ्याकडे बघत राहिल्या. सहावा मजला आला, दार उघडलं, त्या उतरल्याच नाहीत. "कसं होतं गो?" म्हणाल्या.

मी सांगायला लागले. गाद्यांचं कपाट, सुमैय्याचा कोपरा, उचललेली जमीन, खाली बसल्यावर खाडी. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. माझ्या घराबद्दल मी कुणाला इतकं कधी सांगितलं नव्हतं. मला ते सगळं पाठ होतं.